कापलेले कापड आणि बसवलेली फरशी
घर घेताना माल चुकीचा आला तर काय करावे?

कापडाच्या दुकानात एक पाटी हमखास असते : कापलेले कापड परत घेतले जाणार नाही. माझ्या दुकानात ती मराठीत आणि उर्दूत अशी दोन्ही लिप्यांत लावलेली आहे. कित्येक वर्षे मी गिऱ्हाईकाला त्या पाटीकडे बोट दाखवून सांगत आलो की भाऊ, कात्री लावण्याआधी कापड उलगडून बघ, रंग बघ, पन्हा मोज. एकदा कात्री लागली की माझा इलाज नाही. पण स्वतःचे घर घेण्याची वेळ आली तेव्हा हीच गोष्ट मी विसरलो. त्या विसरण्याची किंमत मोजावी लागली. आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांपैकी अनेकजण आयुष्याची कमाई एका घरात घालतात. त्यांना उपयोग व्हावा म्हणून ही हकीकत आणि त्यानिमित्ताने कायदा व शरीअत यांची जी माहिती मी गोळा केली ती येथे देत आहे.

काय घडले

दोंडाईच्यात एका नवीन वस्तीत बांधून होत आलेले रो-हाऊस मी घ्यायचे ठरवले. व्याजाचे कर्ज नको होते, म्हणून बांधणाऱ्याशी हप्ते ठरवले : विसार, मग साठेखताच्या वेळी, मग स्लॅब व गिलावा झाल्यावर आणि शेवटचा हप्ता खरेदीखत होऊन ताबा मिळताना. भाव थोडा कमी करून घेतला आणि त्याबदल्यात फरशी व आतले दरवाजे मी माझ्या पसंतीने व माझ्या पैशाने बसवायचे असे साठेखतात लिहिले. आपल्या भागात असे सौदे बरेच होतात. भाड्याचे घर महिनाअखेर रिकामे करायचे होते.

फरशीसाठी मी एका ओळखीच्या दुकानात गेलो. गुजरातमधील मोरबीचा माल आज सगळ्या खानदेशात येतो. दुकानदार नमुने दाखवतो, आपण पसंत करतो, तो कारखान्याकडे नंबर कळवतो आणि ट्रकने माल येतो. मला चकचकीत फरशी नको होती. आई वयस्कर आहे, पाच वेळा वुजू करून ओल्या पायांनी चालते. म्हणून खरखरीत, म्हणजे ज्याला दुकानदार मॅट म्हणतात ती फरशी मी निवडली. नमुन्याचा तुकडा दुकानातच राहिला.

हिशेब असा होता. घराची जमीन ६२० चौरस फूट. दोन बाय दोनच्या चार फरश्यांच्या एका बॉक्समध्ये साधारण साडेपंधरा चौरस फूट माल बसतो. म्हणजे ४० बॉक्स. कापण्यात व फुटण्यात जाणारा माल धरून ४४ बॉक्स. भाव ५० रुपये चौरस फूट, एकूण ३४,१०० रुपये. पैकी २०,००० आगाऊ दिले.

दोन दिवसांनी दुकानदाराचा फोन आला, "शेठ, नंबर परत एकदा सांगा, आज ऑर्डर टाकतो." मी घाईत होतो. माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, आकडे तोंडात उर्दूच येतात. नंबरच्या शेवटी ७९ होते. मी म्हणालो, "उनासी." त्याने ऐकले "नवासी", आणि लिहिले ८९. त्याच रंगाची, त्याच आकाराची, पण चकचकीत फरशी त्या नंबरावर होती. नमुन्याचा तुकडा त्याच्या टेबलाखाली पडलेला होता, त्याच्या पाठीवर नंबर होता. तो त्याने पाहिला नाही. मीही "लिहून पाठवतो" म्हटले नाही.

माल आला त्या दिवशी मी खरेदीसाठी सुरतला गेलो होतो. मुलाने बॉक्स मोजले, ४४ भरले, चलनावर सही केली. मिस्त्रीने दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू केले. मी संध्याकाळच्या गाडीने परत आलो तेव्हा आतली एक खोली पूर्ण झाली होती. नऊ बॉक्स लागले होते. दिव्याच्या उजेडात फरशी आरशासारखी चमकत होती. मिस्त्री खुशीत म्हणाला, "चाचा, कैसी चमक आई!" आणि माझ्या पोटात खड्डा पडला.

कोणाशी भांडावे?

त्या रात्री डोक्यात पहिला विचार आला तो चुकीचा होता. वाटले, बांधणाऱ्याचा शेवटचा हप्ता थांबवावा, कारण घर राहण्याजोगे झाले नाही. सकाळी वकिलाला विचारले. त्याने साठेखत वाचले आणि समजावले की फरशीचा सौदा आणि घराचा सौदा हे दोन वेगळे करार आहेत. फरशी तुम्ही स्वतः मागवली आहे. बांधणाऱ्याने आपले काम वेळेवर दिले असेल तर त्याचा हप्ता थांबवण्याचा तुम्हाला हक्क नाही. उलट करारभंग तुमच्याकडून होईल.

म्हणून पहिली गोष्ट ही तपासावी की माल कोणी कोणाकडून मागवला. याचे साधारण तीन प्रकार होतात.

पहिला प्रकार, माल आपण थेट दुकानदाराकडून घेतला. मग जबाबदार दुकानदार. कारखान्याने चूक केली असे तो म्हणाला तरी आपला सौदा कारखान्याशी नाही, त्याच्याशी आहे.

दुसरा प्रकार, फरशी-दरवाजे घराच्या किमतीतच आहेत आणि बांधणाऱ्याने मागवले आहेत. मग "दुकानदाराने चूक केली" ही सबब बांधणाऱ्याला चालत नाही. करारात लिहिलेला माल देणे त्याचे काम आहे. म्हणून करारात "चांगली फरशी" असे न लिहिता जात, आकार, खरखरीत की चकचकीत हे लिहून घ्यावे. प्रकल्प महारेरात नोंदलेला असेल तर २०१६ च्या रेरा कायद्याचा आधार मिळतो. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात किंवा कारागिरीत दोष निघाला तर तो विनाखर्च दुरुस्त करून देणे बांधणाऱ्यावर बंधनकारक आहे. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत घरे असलेल्या लहान प्रकल्पांना नोंदणीची सक्ती नाही. आपल्या लहान गावांतली बरीच बांधकामे या सवलतीत येतात. तेव्हा रेरा आहेच असे गृहीत धरू नये.

तिसरा प्रकार, माल मिस्त्रीने आणला आणि पैसे आपण त्याच्या हातात दिले. हा सर्वांत वाईट प्रकार. बिल कोणाच्या नावाने आहे हेच माहीत नसते. पैसे मिस्त्रीमार्फत देऊ नयेत, दुकानात स्वतः द्यावेत आणि बिल आपल्या नावाने घ्यावे.

येथे कच्च्या बिलाबद्दलही सांगितले पाहिजे. दुकानदार म्हणतो, बिल नको असेल तर जीएसटी वाचेल. चार पैसे वाचतात खरे, पण माल चुकीचा निघाला तर तो त्याच्याकडून घेतला हे सिद्ध करायला हातात काही उरत नाही. पक्के बिल असेल तर माल परत गेल्यावर दुकानदार क्रेडिट नोट काढू शकतो आणि त्याचा भरलेला करही त्याच्या हिशेबात जुळतो. म्हणजे पक्के बिल दोघांच्याही सोयीचे आहे.

कायदा काय सांगतो

मालविक्रीचा कायदा १९३० सालचा आहे आणि आजही तोच चालतो. आपण रोज त्याच्या आधाराने व्यापार करतो, पण तो वाचलेला फार थोड्यांनी असतो. त्यातील पाच-सहा कलमे प्रत्येक व्यापाऱ्याला माहीत हवीत.

कलम १५ : वर्णन सांगून विकलेला माल वर्णनाप्रमाणेच असला पाहिजे. कलम १७ : नमुना दाखवून विकलेला माल नमुन्याप्रमाणे असला पाहिजे आणि तो नमुन्याशी ताडून पाहण्याची संधी गिऱ्हाईकाला मिळाली पाहिजे. नमुना आणि वर्णन दोन्ही असतील तर माल दोन्हींशी जुळला पाहिजे.

कलम ३७ : माल कमी आला तर गिऱ्हाईक सगळा नाकारू शकतो, किंवा ठेवून घेतला तर ठरल्या भावाने त्याचेच पैसे देतो. जास्त आला तर ठरलेला ठेवून बाकीचा परत करता येतो. ठरलेल्या मालात दुसराच माल मिसळून आला तर आपला ठेवून दुसरा नाकारता येतो किंवा सगळाच नाकारता येतो. बाजारात वेगळी रूढी असेल तर ती पाहिली जाते.

कलम ४१ : आधी न पाहिलेला माल तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत तो आपण स्वीकारला असे धरले जात नाही. त्यामुळे चलनावर नुसती "माल मिळाला" अशी सही केली तर बॉक्स पोहोचल्याची ती पावती होते, माल पसंत असल्याची नव्हे. तरीही सही करताना "बॉक्स मोजले, माल तपासलेला नाही" एवढे लिहावे.

कलम ४२ : यात खरी मेख आहे. तीन प्रकारे माल स्वीकारला गेला असे कायदा मानतो. एक, आपण "पसंत आहे" असे कळवले. दोन, माल ताब्यात आल्यावर आपण त्याच्याशी मालकासारखे वागलो. तीन, वाजवी मुदत उलटून गेली तरी नाकारल्याचे कळवले नाही. फरशी जमिनीत बसवणे हे दुसऱ्या प्रकारात येते. कापडाला कात्री लावणे आणि फरशी सिमेंटमध्ये दाबणे यांत फरक नाही.

याला जोडून कलम १३ आहे. सौदा एकच असेल, तुकड्या-तुकड्याने करायचा नसेल, आणि गिऱ्हाईकाने त्यातला काही माल स्वीकारला असेल, तर दुसरे काही ठरले नसल्यास सबंध माल नाकारण्याचा त्याचा हक्क जातो. फक्त नुकसानभरपाई मागता येते. वकील मला म्हणाला, "तुमच्या मिस्त्रीने नऊ बॉक्स लावले. दुकानदार कोर्टात म्हणेल की ४४ चा सौदा एकच होता, तो तुम्ही स्वीकारला, आता ३५ बॉक्ससुद्धा परत घेणार नाही. त्याचे म्हणणे अगदीच हवेत नाही." एका सकाळच्या घाईने माझी बाजू इतकी कमजोर झाली होती.

कलम ४३ : माल रीतसर नाकारला असेल तर तो स्वतःच्या खर्चाने दुकानात नेऊन पोहोचवण्याची सक्ती गिऱ्हाईकावर नाही. नाकारल्याचे कळवले की पुरे. पण तोवर तो दुसऱ्याची वस्तू म्हणून जपून ठेवावा, उघड्यावर टाकू नये. आपल्याकडे तर ही अमानतच आहे.

"माझे एवढे नुकसान झाले" असे म्हणताना

खरखरीत फरशी पुन्हा मोरबीहून येण्यास एकोणीस दिवस लागले. भाड्याच्या घराचा आणखी एक महिना भरावा लागला, ४,५०० रुपये. मला वाटले हे पैसे दुकानदाराने द्यावेत. वकिलाने त्यावर मद्रास हायकोर्टातला १८९८ सालचा एक खटला सांगितला. आपल्या कारागीर बांधवांना तो मुद्दाम सांगण्यासारखा आहे.

एका शिंप्याने आपले शिवणयंत्र आणि कापडाचे गाठोडे रेल्वेने पाठवले. ज्या गावी पाठवले तेथे उत्सव होता आणि त्या गर्दीत शिवणकामाची चांगली कमाई होईल असा त्याचा अंदाज होता. रेल्वेच्या नोकरांच्या हलगर्जीपणामुळे सामान उशिरा पोहोचले, उत्सव संपून गेला. शिंप्याने बुडालेली कमाई आणि जाण्या-राहण्याचा खर्च मागितला. कोर्टाने तो दिला नाही. कारण सामान देताना त्याने रेल्वेला सांगितलेच नव्हते की हे उत्सवासाठी आहे आणि उशीर झाला तर माझी एवढी कमाई बुडेल.

तत्त्व १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७३ मध्ये आहे. करार मोडल्यामुळे जे नुकसान सहज आणि नेहमीप्रमाणे होते ते मिळते. विशेष नुकसान मिळवायचे असेल तर ते होईल हे सौदा करतानाच दुसऱ्या बाजूला माहीत असले पाहिजे. इंग्लंडमध्ये १८५४ साली एका पिठाच्या गिरणीच्या मोडलेल्या दांड्याच्या खटल्यात हेच ठरले होते. मी दुकानदाराला भाड्याच्या घराबद्दल एक अक्षरही बोललो नव्हतो. मग भाडे त्याच्याकडून कोणत्या तोंडाने मागणार?

म्हणून ऑर्डर देतानाच चिठ्ठीत एक ओळ घालावी : "अमुक तारखेला मला राहते घर सोडायचे आहे. माल त्याआधी इतके दिवस हवा. उशीर झाल्यास भाड्याचा खर्च पडेल." उशिराबद्दल रोजची ठरावीक रक्कमही लिहिता येते. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे कोर्ट त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई देते.

काहींना शंका येते की अशी दंडाची अट म्हणजे व्याज तर नव्हे? उलेमांनी यात फरक केला आहे. पैसे देणे असलेल्याकडून उशिराबद्दल जास्त पैसे घेणे हे व्याजच आहे. पण ऑर्डरप्रमाणे वस्तू बनवून देण्याच्या करारात, ज्याला फिकहमध्ये इस्तिस्ना म्हणतात, बनवणाऱ्याने उशीर केल्यास ठरलेली कपात करण्याची अट घालता येते. जिद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९२ साली असा ठराव केला आहे. मात्र संकट त्याच्या हाताबाहेरचे असेल तर कपात करता येत नाही. आपल्या सौद्याला ही अट लागू होते का हे आपल्या भागातील जाणत्या आलिमांना विचारून घ्यावे.

शरीअतने हे आधीच शिकवले आहे

कायद्याची कलमे वाचताना मला जाणवले की यातले बरेचसे आपण मदरशात आणि जुम्याच्या बयानात ऐकलेले आहे, फक्त दुकानात त्याची आठवण राहत नाही.

सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहिण्याचा आणि साक्षीदार ठेवण्याचा आदेश आहे. लहान असो वा मोठा, व्यवहार लिहिण्याचा कंटाळा करू नये असेही तीत सांगितले आहे. मी फोनवर "उनासी" म्हणालो तेव्हा हाच कंटाळा केला होता.

न पाहता घेतलेला माल पाहिल्यावर परत करण्याचा अधिकार, म्हणजे खियार-ए-रुयत, हनफी फिकहमध्ये आहे. मालात लपलेला दोष निघाल्यास खियार-ए-ऐब आहे. पण दोष कळल्यानंतरही माल वापरत राहिले तर ती रजामंदी समजली जाते आणि अधिकार जातो. कलम ४२ चा मतलब याहून फार वेगळा नाही. उस्मानी राजवटीत १८६९ ते १८७६ या काळात तयार झालेल्या मजल्ला या कायदेसंहितेत ऑर्डरच्या मालाबद्दल स्पष्ट लिहिले आहे की करार झाल्यावर कोणालाही मागे फिरता येणार नाही, मात्र वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर घेणाऱ्याला ती नाकारण्याची मोकळीक राहील.

विकणाऱ्यासाठीही तेवढेच सांगितले आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, आत ओल लागली, तेव्हा भिजलेले धान्य वर का ठेवले नाहीस असे त्यांनी विक्रेत्याला विचारले, ही हदीस सर्वांना माहीत आहे. आणि जो पस्तावलेल्या माणसाचा सौदा आपखुशीने परत घेतो त्याच्या चुका अल्लाह माफ करील, अशी इकालाबद्दलची हदीसही आहे. हक्क म्हणून जे मिळत नाही ते इकालाच्या वाटेने मिळते. माझ्या बाबतीत तसेच झाले.

ग्राहक आयोगाचा दरवाजा

समजा दुकानदार ऐकतच नाही. मग २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, तो जुलै २०२० पासून लागू झाला. मालासाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे, म्हणजे आपल्यासाठी धुळ्याला, तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. माल सुरतेहून घेतला असला तरी आपण जेथे राहतो तेथील आयोगाकडे जाता येते. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद केली तर काही तक्रारी तेथेच मिटतात.

आपल्या वाचकांनी एक फरक लक्षात ठेवावा. घरासाठी फरशी घेताना मी ग्राहक आहे. पण दुकानात विकण्यासाठी मागवलेल्या थानांच्या बाबतीत मी या कायद्याने ग्राहक नाही, तेथे दिवाणी कोर्ट. कारागिराचे काय? स्वतः चालवून पोट भरण्यासाठी घेतलेले यंत्र असेल तर तो ग्राहकच ठरतो. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात १९९५ साली सुप्रीम कोर्टाने हा फरक समजावून सांगितला आहे. स्वतः शिवणारा शिंपी, स्वतः लेथ चालवणारा कारागीर यांना संरक्षण आहे. मोठ्या प्रमाणावर नफ्यासाठी कारखाना चालवणाऱ्याला नाही.

माल आला की काय करावे

पहिले, माल उतरताना स्वतः किंवा जाणता माणूस हजर ठेवावा. नुसते बॉक्स मोजणारा नको. ऑर्डरची चिठ्ठी त्याच्या हातात असावी.

दुसरे, चार-पाच बॉक्स वेगवेगळ्या जागचे उघडावेत. फरशीच्या बॉक्सवर नंबर आणि शेड किंवा बॅच छापलेली असते. नंबर एक आणि बॅच निराळी असली तरी रंगात फरक पडतो. सर्व बॉक्सची बॅच एक आहे का ते पाहावे.

तिसरे, नमुन्याचा तुकडा शेजारी ठेवून दिवसाच्या उजेडात पाहावे. नमुन्यावर दोघांच्या सह्या करून तो आपल्याकडेच ठेवावा.

चौथे, हे होईपर्यंत मिस्त्रीला सक्त ताकीद द्यावी की एकही फरशी लावायची नाही. एक दिवसाची मजुरी बुडाली तरी चालेल. दरवाजा असेल तर रंधा लावायचा नाही, खिडकी असेल तर चौकटीत ठोकायची नाही.

पाचवे, चूक दिसली की त्याच दिवशी लेखी कळवावे. फोन करावाच, पण फोनवर थांबू नये. व्हॉट्सअॅपचा संदेशही पुरावा होऊ शकतो. तो पुसू नये, फोटो जपून ठेवावेत. संदेश साधा असावा, रागाचा नसावा. नमुना असा :

"आपणांस अमुक तारखेला नंबर ७९ च्या मॅट फरशीचे ४४ बॉक्स मागवले होते. आज नंबर ८९ ची चकचकीत फरशी आली आहे. फोटो सोबत आहेत. हा माल आमच्या ऑर्डरप्रमाणे नसल्याने आम्ही तो स्वीकारत नाही. माल सुरक्षित ठेवला आहे, तो घेऊन जावा आणि योग्य माल कधी मिळेल ते दोन दिवसांत कळवावे."

सहावे, राहिलेले पैसे लगेच देऊ नयेत, पण "देणार नाही" असेही म्हणू नये. योग्य माल आल्यावर देईन असे लिहावे. सगळे पैसे आगाऊ दिलेल्या माणसाचे बोलणे बाजारात हलके पडते.

सातवे, दुकानदार "हाच ठेवून घ्या, भाव कमी करतो" असे म्हणेल. पटले तर जरूर ठेवावा, पण नवा भाव लिहून घ्यावा. पटत नसेल तर लाजेखातर हो म्हणू नये. ओल्या पायाने घरातले म्हातारे माणूस पडले तर वाचलेले पैसे कामाचे नाहीत.

ऑर्डर घेणाऱ्यांसाठी दोन शब्द

आपल्यापैकी पुष्कळजण स्वतःच पुरवठा करणारे आहेत : सुतार, वेल्डर, अॅल्युमिनियमच्या खिडक्या करणारे, पडदे-गाद्या शिवणारे. चूक आपल्या हातूनही होते. माझ्या हातून झाली आहे. एका गिऱ्हाईकाने शाळेच्या गणवेशासाठी निळ्या कापडाची सहा थाने मागवली. शेडचा नंबर मी सुरतेला चुकीचा कळवला. गिऱ्हाईकाने दोन थाने कापल्यावर फरक दिसला. मी पाटीकडे बोट दाखवले. तो काही बोलला नाही, पैसे देऊन गेला आणि परत कधी दुकानाची पायरी चढला नाही. कापड त्याने कापले होते हे खरे, पण नंबर मी चुकवला होता हेही खरे. पाटीने माझी दोन थाने वाचली आणि एक जुने गिऱ्हाईक गेले. त्या दोन थानांच्या पैशात बरकत होती असे मला आज वाटत नाही.

म्हणून ऑर्डर घेताना आकडे लिहून घ्यावेत. आपल्या खानदेशात उर्दू, मराठी, अहिराणी, गुजराती अशा चार बोलींत आकडे बोलले जातात. उनासी आणि नवासी यांत दहाचा फरक आहे आणि फोनवर तो ऐकू येत नाही. उर्दूत उनासी म्हणजे ७९, मराठीत तेच एकोणऐंशी. तोंडी सांगायचेच असेल तर "सात, नऊ" असा एकेक आकडा सांगावा आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्यावा. कारखान्याला कळवलेल्या ऑर्डरची एक प्रत गिऱ्हाईकाला पाठवून "बरोबर" असे उत्तर आल्यावरच पुढे जावे. चूक आपली असेल तर पहिल्याच दिवशी कबूल करावी. उशिरा कबूल केलेल्या चुकीचा खर्च दुप्पट होतो.

शेवटी काय झाले

मी वकिलाची नोटीस पाठवली नाही. मिस्त्रीचे काम थांबवले, त्याच रात्री फोटोंसह लेखी कळवले आणि दुसऱ्या दिवशी नमुन्याची आठवण देत दुकानात गेलो. टेबलाखालचा तुकडा निघाला, पाठीवर ७९ होते. दुकानदार जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "शेठ, कारखाना माझ्याकडून परत घेणार नाही, त्यांनी मी कळवलेलाच माल पाठवला." मी म्हटले, "खरे आहे. आणि नऊ बॉक्स माझ्या माणसाने न बघता लावले, हेही खरे आहे. तुमची चूक तुम्ही घ्या, माझी मी घेतो."

हिशेब कागदावर मांडला. ३५ बॉक्स त्याने स्वतःच्या टेम्पोने परत नेले. ते पुढे किरकोळ विकता येतील असा त्याचा अंदाज होता. तितकेच मॅटचे बॉक्स त्याच भावाने मागवले, २७,१२५ रुपये. लागलेल्या नऊ बॉक्सचा भाव त्याने ५० ऐवजी ४० धरला, म्हणजे ५,५८० रुपये. एकूण ३२,७०५. आगाऊ २०,००० वजा जाता १२,७०५ रुपये नवा माल तपासल्यावर दिले. भाड्याचा महिना मी सोसला. बांधणाऱ्याचा हप्ता ठरल्या दिवशी दिला आणि खरेदीखत वेळेवर झाले. कागदावर दोघांनी सह्या केल्या, एक प्रत त्याच्याकडे, एक माझ्याकडे.

ती चकचकीत खोली आज मुलाची आहे. आई तिकडे जात नाही, तिची खोली आणि वुजूची जागा खरखरीत फरशीची आहे. दुकानातली पाटी मी काढली नाही, पण तिच्याखाली दुसरी एक ओळ रंगवून घेतली : कापण्याआधी आमच्यासमोर उलगडून पाहा, नंबर आमच्याकडून लिहून घ्या. गिऱ्हाईक वाचो न वाचो, माझ्या मुलाला रोज वाचायला लावतो.